स्वयंप्रतिरक्षा रोगांतील चिरकारी वेदना

बाहेरून शिरणाऱ्या जंतूंचा व परक्या पदार्थांचा बंदोबस्त करणे हे शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेचे कार्य होय. ही यंत्रणा काही कारणाने स्वतःच्याच ऊतकांना (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहांना) परके समजून त्यांच्यावर हल्ला करू लागली म्हणजे जे विकार उद्भवतात, त्यांना स्वयंप्रतिरक्षा रोग असे म्हणतात. संधिवाताभ संधिशोथ (हातापायांच्या लहान सांध्यांना सुजवून त्यांना हळूहळू विद्रूप करणारा विकार), सार्वदेहिक ल्युपस, श्योग्रेन विकार, बहुविध तंत्रिकाकाठिण्य (मेंदू व मेरुरज्जू यांतील तंत्रिकांचे म्हणजे मज्जातंतूंचे वेष्टन नष्ट करणारा विकार) हे या वर्गातील परिचित रोग होत. त्यांची लक्षणे परस्परांहून पुष्कळ भिन्न असली, तरी वेदना ही त्यांतील बहुतेकांची समान तक्रार आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा वारंवार उलटणाऱ्या वेदनेला चिरकारी (दीर्घकालीन) वेदना म्हणतात.

या वेदनेचे स्पष्टीकरण दीर्घकाळ सोपे मानले जात होते. हल्ल्यामुळे ऊतकात शोथ (दाहयुक्त सूज) निर्माण होतो, शोथामुळे वेदना होते आणि शोथ उतरला की वेदनाही थांबते, असा हा तर्क होता. तो खोटा नाही. परंतु अपुरा आहे. सूज पूर्णपणे उतरल्यावर व रक्ततपासणीत दोष न आढळतानाही अनेक रुग्णांची वेदना कायम राहते, तर काहींना सूज दिसण्याच्या कित्येक महिने आधीपासून सांधे दुखत असतात. अशा रुग्णाच्या तक्रारीकडे मनाचा खेळ म्हणून पाहिले जाण्याचा धोका असतो. म्हणून शोथ आणि वेदना यांची फारकत कोठे व कशी होते, हा या क्षेत्रातील संशोधनाचा कळीचा प्रश्न बनला आहे.

पूर्वेतिहास : सांधेदुखीच्या तीव्रतेचे वर्णन प्राचीन वैद्यकात आढळते. माधवकरांच्या माधवनिदान या ग्रंथात (इ. स. सातवे–आठवे शतक) आमवात हा स्वतंत्र रोग म्हणून वर्णिलेला असून त्यातील वेदनेला विंचवाच्या दंशाची उपमा दिलेली आहे. आमवात म्हणजेच आजचा संधिवाताभ संधिशोथ असे सरसकट समीकरण मात्र मांडता येत नाही. मराठीत संधिवात हा शब्द गुडघ्यांच्या झिजेपासून वातरक्तापर्यंत (गाउटपर्यंत) अनेक विकारांना सैलपणे लावला जातो, त्यामुळे या विषयात नेहमीच गोंधळ होतो.

शरीर स्वतःविरुद्ध प्रतिपिंडे (परक्या पदार्थाला चिकटून त्याचा प्रतिकार करणारी रक्तातील विशिष्ट प्रथिने) तयार करू शकते, ही कल्पना सुरुवातीस शास्त्रज्ञांना मान्य नव्हती. पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञांनी शेळ्यांना इतर शेळ्यांचे रक्त टोचले असता त्या परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करतात, स्वतःच्या रक्ताविरुद्ध मात्र करीत नाहीत, असे त्यांना आढळले (१९०१). शरीराला आत्मविषाक्ततेची जणू भीतीच असते, असे त्यांनी म्हटले. १९०४ मध्ये यूलिउस डोनाट व कार्ल लांडस्टायनर यांनी थंडी लागल्यावर लघवीतून रक्तरंजकद्रव्य जाण्याच्या एका विकारात रुग्णाच्याच रक्तकोशिकांचा नाश करणारे प्रतिपिंड दाखवून दिले. तथापि एर्लिख यांच्या मताचा पगडा पुढे अर्धशतक टिकला. नॉर्वेतील एरिक वालर यांना १९४० मध्ये संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णांच्या रक्तात एक वैशिष्ट्यपूर्ण घटक आढळला. १९५६ मध्ये नोएल रोझ व अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांमध्ये अवटू ग्रंथीच्या अर्काच्या साहाय्याने स्वयंप्रतिरक्षा विकार प्रत्यक्ष घडवून आणला व ही संकल्पना प्रस्थापित झाली. या सर्व काळात संशोधकांचे लक्ष ऊतकाच्या नाशावर केंद्रित झालेले होते. वेदना हा नाशाचा आनुषंगिक परिणाम मानून तिचा वेगळा विचार क्वचितच झाला.

वेदनेचा मार्ग : इजाकारक उद्दीपनाची नोंद घेणाऱ्या तंत्रिकाग्रांना चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वेगळे नाव दिले. त्यांना मराठीत वेदनाग्राही म्हणता येईल. या तंत्रिकांच्या कोशिकांचे मुख्य भाग मेरुरज्जूच्या दोन्ही अंगांस असलेल्या पश्चमूल गुच्छिका नावाच्या गाठींत असतात. त्यांचे एक टोक त्वचा, स्नायू किंवा सांध्यांत व दुसरे मेरुरज्जूत पोहोचते. तेथून संदेश पुढच्या तंत्रिकांकडे सोपविला जातो व तो मेंदूकडे जातो. सांध्यातील उपास्थीत (कूर्चेत) तंत्रिका नसतात. मात्र सांध्याला आतून अस्तर लावणाऱ्या संधिकलेत, सांध्याच्या आवरणात व उपास्थीखालील हाडात त्या भरपूर असतात. म्हणूनच उपास्थीचे नुकसान आणि वेदना यांचे प्रमाण नेहमी सारखे नसते.

वेदनाग्राहींचे वैशिष्ट्य असे की, त्यांची संवेदनक्षमता स्थिर नसते. मिरचीतील कॅप्सेइसीन या तिखट द्रव्याला प्रतिसाद देणारा ग्राही (टीआरपीव्ही१) डेव्हिड ज्यूलिअस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये शोधून काढला. सुमारे ४३° से.च्या वर तापमान गेले की हाच ग्राही उघडतो, म्हणजे तिखटाचा चटका व तव्याचा चटका यांचे द्वार एकच आहे. शोथ झालेल्या भागातील रासायनिक द्रव्यांमुळे या द्वाराची मर्यादा खाली येते आणि मग शरीराची नेहमीची उष्णताही त्याला पुरेशी ठरू शकते. या शोधाबद्दल ज्यूलिअस यांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आर्डेम पटापूशन यांच्यासमवेत मिळाले. वेदनाग्राहींना असे हळवे करणाऱ्या द्रव्यांत प्रोस्टाग्लँडिनांचे स्थान मोठे आहे. ॲस्पिरिनामुळे त्यांची निर्मिती रोखली जाते, हे जॉन व्हेन यांनी लंडन येथे १९७१ मध्ये दाखविले आणि सुमारे सात दशके वापरात असलेल्या औषधाचे कार्य कसे चालते याचा प्रथमच उलगडा झाला. रीता लेव्ही-मोंताल्चीनी यांनी शोधलेला तंत्रिकावर्धक घटक हाही याच वर्गातला. तो तंत्रिकांच्या वाढीला आवश्यक असतो; पण शोथ झालेल्या ऊतकात त्याचे प्रमाण वाढले म्हणजे तो वेदनाग्राहींना उत्तेजित करतो.

शोथावरील विजय व त्याची मर्यादा : शोथ आटोक्यात आणल्याने वेदना किती झपाट्याने कमी होऊ शकते, याचे पहिले नाट्यपूर्ण प्रात्यक्षिक अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये झाले. फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताभ संधिशोथाने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनाची अंतःक्षेपणे (इंजेक्शने) दिली असता ती काही दिवसांतच हिंडूफिरू लागली. हेंच, एडवर्ड केंडल व टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. औषध थांबविताच रोग उलटतो आणि दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, जंतुसंसर्ग इ. उपद्रव होतात, हे लवकरच ध्यानात आले.

दुसरा टप्पा लंडनमध्ये घडला. मार्क फेल्डमन व पंजाबातील लुधियाना येथे जन्मलेले रवींदर मैनी यांनी, संधिकलेतील कोशिका ज्या रासायनिक संदेशकांद्वारे (सायटोकाइनांद्वारे) शोथ पेटता ठेवतात, त्यांच्या साखळीत टीएनएफ हे प्रथिन आघाडीवर असते, असे प्रतिपादन केले. त्याला निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडाची पहिली चाचणी १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस रुग्णालयात सुरू झाली. तिचा निष्कर्ष उत्साहवर्धक होता व त्यातून औषधांचा एक नवा वर्गच उदयास आला.

या औषधांनी एक अनपेक्षित गोष्टही उघड केली. जर्मनीतील एर्लांगेन येथील संशोधकांनी संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णांचा दुखरा सांधा दाबून त्या वेळी मेंदूच्या कोणत्या भागांत क्रियाशीलता वाढते, हे चुंबकीय प्रतिमादर्शनाने पाहिले. टीएनएफविरोधी औषध दिल्यावर अवघ्या चोवीस तासांत ही क्रियाशीलता घटली. सांध्यांची सूज मात्र तोपर्यंत उतरलेली नव्हती (२०११). याचा अर्थ, टीएनएफ केवळ सांधा सुजवून दुखवत नाही, तर तंत्रिका तंत्रावरही त्याचा स्वतंत्र परिणाम होत असला पाहिजे. अशीच सूचना दुसऱ्या एका औषधाच्या चाचणीत मिळाली. कोशिकेच्या आत संदेश पोहोचविणाऱ्या जेक एंझाइमांना रोखणाऱ्या बॅरिसिटिनिबाची तुलना २०१७ मध्ये एका टीएनएफविरोधी औषधाशी केली गेली, तेव्हा वेदना कमी करण्यात बॅरिसिटिनिब काहीसे सरस ठरले.

उरलेली वेदना : प्रभावी औषधे उपलब्ध झाल्यावर, सूज नसताना उरणारी वेदना हा प्रश्न अधिकच ठळक झाला. रोगाची तीव्रता मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत याचा एक व्यावहारिक पेच आहे. या पद्धतीत अठ्ठावीस सांधे तपासून त्यांतील सुजलेल्यांची संख्या, दाबल्यावर दुखणाऱ्यांची संख्या, रक्तातील शोथाचा निर्देशक आणि रुग्णाने स्वतः सांगितलेली अवस्था अशा चार गोष्टींवरून एक अंक काढतात. सूज शून्य, रक्त निर्दोष आणि तरीही वेदना तीव्र असेल, तर अंक मोठा येतो व रोग बळावला आहे असे समजून रोगप्रतिकार दडपणाऱ्या औषधांची मात्रा वाढविली जाण्याचा संभव असतो. अशा वेळी वेदना तर शमत नाहीच, वर जंतुसंसर्गाचा धोका मात्र वाढतो. वेदनेचे मूळ ओळखणे हा म्हणूनच केवळ सैद्धांतिक प्रश्न नाही.

मूळ सांध्यातच, परंतु शोथाखेरीज अन्यत्र असू शकते, याचा पुरावा न्यूयॉर्क येथील संशोधकांनी २०२४ मध्ये सादर केला. ज्यांच्या संधिकलेत शोथकोशिका फारशा नव्हत्या, पण वेदना तीव्र होती अशा रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतकांची त्यांनी तपासणी केली. संधिकलेतील तंतुजनक कोशिकांमध्ये काही विशिष्ट जनुके कार्यरत असल्याचे व त्यांपैकी एकापासून तयार होणारे नेट्रिन-४ हे प्रथिन वेदनाग्राही तंत्रिकांना फुटवे आणीत असल्याचे त्यांना आढळले. घट्ट वाढलेल्या संधिकलेत नव्या रक्तवाहिन्यांभोवती अशा तंत्रिका दिसतात. शोथाविरुद्धची औषधे या कोशिकांना स्पर्शही करीत नसल्याने ती अशा रुग्णांत निष्फळ का ठरतात, हे यावरून समजू शकते.

प्रतिपिंडे व वेदना : या विषयातील सर्वांत लक्षणीय भर गेल्या काही वर्षांत पडली आहे. प्रतिपिंड स्वतःच, सूज आणल्याशिवाय, वेदना निर्माण करू शकतो काय, हा तिच्यामागील प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधण्याची पद्धत तत्त्वतः साधी आहे. रुग्णाच्या रक्तातून प्रतिपिंडे वेगळी काढून ती उंदरांना टोचावयाची, निरोगी माणसाची प्रतिपिंडे उंदरांच्या दुसऱ्या गटाला टोचावयाची आणि दोन्ही गटांची तुलना करावयाची. रुग्णाची प्रतिपिंडे मिळालेलाच गट वेदनेने हळवा झाला, तर वेदनेचे कारण त्या प्रतिपिंडांत असले पाहिजे.

सर्वांत निःसंदिग्ध उदाहरण कॅस्पर-२ या प्रथिनाचे आहे. तंत्रिकांमधील विद्युत् संदेशाला वेळीच लगाम घालणारी पोटॅशियमाची द्वारे योग्य जागी बसविण्यास हे प्रथिन मदत करते. अशा द्वारांच्या समूहाविरुद्ध प्रतिपिंडे असलेल्या अनेक रुग्णांना दुसरे कोणतेही ठळक कारण नसताना चिरकारी वेदना होते आणि रोगप्रतिकार दडपणाऱ्या उपचारांनी त्यांतील काहींना आराम पडतो, असे मेयो क्लिनिकमधील वैद्यांनी २०१२ मध्ये नोंदविले. पुढे ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी कॅस्पर-२ विरोधी प्रतिपिंडे उंदरांना टोचली, तेव्हा ते उंदीर हलक्या स्पर्शालाही पाय मागे घेऊ लागले. त्यांच्या तंत्रिका तुटलेल्या नव्हत्या व गुच्छिकांत शोथही नव्हता. गुच्छिकांतील कोशिकांवरची पोटॅशियमाची द्वारे तेवढी कमी झालेली होती (२०१८). लगाम सुटलेली तंत्रिका किरकोळ कारणावरून पुनःपुन्हा संदेश पाठवीत राहते, असे या प्रयोगाने दिसून आले.

सांध्यांच्या बाबतीत स्टॉकहोम येथील कारोलिन्स्का संस्थेत कॅमिला स्वेन्सन व सहकाऱ्यांनी केलेले कार्य महत्त्वाचे आहे. संधिवाताभ संधिशोथाच्या बहुसंख्य रुग्णांत सिट्रुलीनयुक्त (एका ॲमिनो अम्लात बदल झालेल्या) प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे असतात. रक्तपेढ्यांत साठविलेल्या जुन्या नमुन्यांवरून असे दिसून आले आहे की, ही प्रतिपिंडे रोग प्रकट होण्याच्या काही वर्षे आधीपासून रक्तात असतात. सूज नसताना सांधे दुखण्याचा टप्पाही अनेकांच्या बाबतीत याच काळात येतो. रुग्णांपासून मिळविलेली ही प्रतिपिंडे टोचलेल्या उंदरांची हालचाल मंदावली व त्यांचे पंजे हळवे झाले. त्यांच्या सांध्यांत मात्र शोथ आढळला नाही (२०१६). ही प्रतिपिंडे अस्थिभंजक कोशिकांना (हाड झिजविणाऱ्या कोशिकांना) चिकटतात, त्या एक रासायनिक संदेशक सोडतात व तो हाडातील वेदनाग्राहींना चेतवितो, असे स्पष्टीकरण देण्यात आले. याच गटाने २०१९ मध्ये उपास्थीतील कोलॅजेनाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा आणखी थेट मार्ग दाखविला. प्रतिपिंड व प्रतिजन (ज्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होतो तो पदार्थ) यांची जोडी बनली म्हणजे तिला पकडणारे ग्राही रोगप्रतिकार कोशिकांवर असतात, हे पूर्वीपासून माहीत होते. तसे ग्राही वेदनाग्राही तंत्रिकांवरही असून जोडी त्यांना चिकटताच तंत्रिका उद्दीपित होते, असे आढळले. रोगप्रतिकार यंत्रणा व तंत्रिका तंत्र यांना दोन स्वतंत्र खाती मानण्याच्या जुन्या सवयीला या निष्कर्षाने धक्का दिला.

याहून अधिक चर्चा झाली ती तंतुस्नायुशूल (फायब्रोमायॅल्जिया) या विकारावरील प्रयोगाची. सर्वांगाला ठणका, गाढ झोप न लागणे व थकवा ही या विकाराची लक्षणे होत. सांधे सुजत नाहीत, क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही व रक्ततपासणी निर्दोष असते. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे असल्याने तर त्यांच्या तक्रारीला स्वभावदोष ठरविणे अधिकच सोयीचे झाले होते. लंडन, लिव्हरपूल व स्टॉकहोम येथील संशोधकांनी २०२१ मध्ये अशा रुग्णांची प्रतिपिंडे उंदरांना टोचली. उंदरांना दाब व थंडी सोसेनाशी झाली, त्यांची पकड सैल झाली व त्यांचा वावर घटला. निरोगी व्यक्तींच्या प्रतिपिंडांनी असे काही झाले नाही. तसेच रुग्णाच्याच रक्तद्रवातून प्रतिपिंडे काढून टाकून तो टोचला, तरी काही झाले नाही. टोचलेली प्रतिपिंडे शरीरातून निघून गेल्यावर काही आठवड्यांत उंदीर पूर्ववत झाले. ही प्रतिपिंडे मेंदूत आढळली नाहीत. ती पश्चमूल गुच्छिकांत तंत्रिका कोशिकांभोवती असणाऱ्या आधार कोशिकांना चिकटलेली होती. मेंदूत गेलेलीच नसल्याने, या विकाराचे मूळ केवळ मेंदूत आहे ही समजूत निदान काही रुग्णांच्या बाबतीत तरी सोडावी लागेल. तथापि तंतुस्नायुशूलाची गणना अद्याप स्वयंप्रतिरक्षा रोगांत होत नाही. सर्व रुग्णांत ही प्रतिपिंडे सारख्या प्रमाणात नसतात आणि त्यांचे प्रतिजन कोणते, हेही निश्चित झालेले नाही.

प्रयोगशाळेतील यश रुग्णशय्येपर्यंत पोहोचतेच असे नाही, याचे उदाहरण जटिल प्रादेशिक वेदना विकारात मिळते. हाड मोडणे वा मुरगळणे यांसारख्या इजेनंतर हातापायाला होणारी ही असह्य वेदना इजा भरून आल्यावरही टिकते. या रुग्णांची प्रतिपिंडेही उंदरांत वेदना उत्पन्न करतात, असे दिसले आहे. निरोगी दात्यांच्या एकत्रित प्रतिपिंडांचे शिरेतून अंतःक्षेपण केल्याने लाभ होतो, असे २०१० मध्ये अवघ्या १३ रुग्णांवर केलेल्या चाचणीत आढळले. १११ रुग्णांवरील मोठ्या चाचणीत (२०१७) मात्र अल्प मात्रेतील हा उपचार औषधविरहित द्रवाहून सरस ठरला नाही.

मेरुरज्जूतील बदल : वेदनेचा संदेश मेरुरज्जूत तसाच पुढे ढकलला जात नाही, तेथे तो कमीजास्त होतो, ही कल्पना रॉनल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडली. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत असे दाखविले की, पायाला इजा झाल्यावर मेरुरज्जूतील कोशिका स्वतःच अधिक उद्दीपनक्षम बनतात आणि मग इजा न झालेल्या भागाला केलेला साधा स्पर्शही वेदनेसारखा जाणवतो. याला केंद्रीय संवेदनीकरण म्हणतात. सांधेदुखीत हे कसे घडते, याचा अभ्यास कॅलिफोर्नियात एका विशिष्ट जातीच्या उंदरांचा रक्तद्रव टोचून उद्भवणाऱ्या अल्पकालीन संधिशोथावर करण्यात आला (२०१०). दोनतीन आठवड्यांत या प्राण्यांची सूज ओसरली. हळवेपणा मात्र ओसरला नाही. सूज असताना देण्यात आलेल्या शोथनाशक औषधांचा वेदनेवर परिणाम झाला, तर नंतरच्या टप्प्यात ती निरुपयोगी ठरली. उलट तंत्रिकाजन्य वेदनेवर वापरले जाणारे गॅबापेंटिन त्या टप्प्यातही उपयोगी पडले. रोग एकच, दुखणे एकच. परंतु सूज असतानाची वेदना व सूज गेल्यावरची वेदना यांची यंत्रणा वेगवेगळी असू शकते, असा याचा आशय आहे.

मेरुरज्जूतील मायक्रोग्लिया या कोशिका मूलतः रोगप्रतिकार यंत्रणेच्याच नातलग होत. चेतविल्या गेल्यावर त्या सोडीत असलेली द्रव्ये तंत्रिकांचा हळवेपणा टिकवून धरतात. तंत्रिकेला इजा केलेल्या उंदरांत या कोशिकांना रोखल्यास नरांची वेदना कमी होते, माद्यांची होत नाही. माद्यांत हे काम बहुधा टी-लसीका कोशिका करतात, असा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. संधिवाताभ संधिशोथ पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट व ल्युपस सुमारे नऊपट स्त्रियांना होतो. असे असता वेदनेवरील प्राणिप्रयोग वर्षानुवर्षे प्रामुख्याने नर उंदरांवरच केले जात, ही मोठी विसंगती होती.

मोजमापाची अडचण : उंदराला दुखते हे कसे ओळखावे, हा या संशोधनातील मूलभूत पेच आहे. माक्स फॉन फ्राय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संवेदना मोजण्यासाठी घोड्याचे केस वापरले. आज त्यांच्या जागी निरनिराळ्या जाडीचे नायलॉनचे तंतू तळपायाला टेकवून प्राणी कितव्या तंतूला पाय उचलतो, ते पाहतात. ही चाचणी प्रतिक्षिप्त क्रिया मोजते. रात्रभर चालू राहणारा ठणका मोजत नाही. म्हणून हालचाल, पकड, घरटे बांधण्याची रीत व चेहऱ्यावरील हावभाव यांचीही नोंद घेतली जाऊ लागली आहे. माणसाच्या बाबतीत त्याचे सांगणे हाच मुख्य पुरावा असतो. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने १९७९ मधील आपली वेदनेची व्याख्या २०२० मध्ये सुधारली, तेव्हा व्यक्ती एखाद्या अनुभवाला वेदना म्हणत असेल तर त्या कथनाचा आदर केला पाहिजे, असे सोबतच्या टिपणीत स्पष्टपणे नमूद केले. ऊतकाला किंवा तंत्रिकेला झालेल्या इजेचा पुरावा नसतानाही वेदनायंत्रणेतील बदलामुळे होणाऱ्या वेदनेला या संघटनेने २०१७ मध्ये स्वतंत्र वर्ग म्हणून मान्यता दिली होती.

महाराष्ट्रातील अभ्यास : पुणे–सोलापूर मार्गावरील भिगवण या गावी १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या मार्गदर्शनाखाली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने घरोघर पाहणी करण्यात आली. रुग्णालयात येणाऱ्यांची गणना न करता कोणाला काय दुखते याची दारोदार विचारपूस केल्यामुळे ग्रामीण भागातील सांधे व स्नायू यांच्या दुखण्याचे खरे प्रमाण समोर आले. संधिवाताभ संधिशोथ प्रौढांपैकी सु. ०·५ टक्के लोकांत आढळला. वेदनेची तक्रार करणाऱ्यांची संख्या मात्र त्याच्या कितीतरी पट होती व त्यांतील पुष्कळांचे दुखणे कोणत्याही ठरावीक रोगात बसविता येत नव्हते. २००६ मध्ये महाराष्ट्रात चिकुनगुन्याची साथ पसरली, तेव्हा ताप गेल्यावरही अनेकांचे सांधे महिनोन्‌महिने दुखत राहिले. विषाणूचा संसर्ग संपल्यावर मागे राहणारी अशी सांधेदुखी रोगप्रतिकार यंत्रणा व वेदना यांच्या संबंधाचे एक प्रकारे नैसर्गिक प्रयोगक्षेत्रच होय.

उपचारांची दिशा : सूज असताना ती वेळीच व पुरेशी आटोक्यात आणणे, हा वेदनेवरील पहिला उपाय आजही कायम आहे. सूज नसताना उरलेल्या वेदनेसाठी तंत्रिकांवर कार्य करणारी औषधे, क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम आणि झोपेची घडी बसविणे यांचा उपयोग होतो. अफूजन्य औषधे दीर्घकाळ देणे मात्र हितावह ठरलेले नाही. तंत्रिकावर्धक घटकाला निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडाकडून मोठी अपेक्षा होती. सांध्यांच्या झिजेच्या विकारात त्याने वेदना कमी केली. पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने नष्ट होऊ लागल्याने २०१० मध्ये अमेरिकेत त्याच्या चाचण्या थांबविण्यात आल्या. पुढे त्या पुन्हा सुरू झाल्या, तरी २०२१ मध्ये तज्ज्ञ समितीने प्रतिकूल मत दिल्यावर हे औषध सोडून देण्यात आले. रक्तातील एकूण प्रतिपिंडांचे प्रमाण खाली आणणाऱ्या औषधांपैकी एकाला स्नायुदौर्बल्याच्या एका स्वयंप्रतिरक्षा विकारासाठी अमेरिकेत २०२१ च्या अखेरीस मान्यता मिळाली. कॅस्पर-२ विरोधी वा तत्सम प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या वेदनेत या वर्गाची औषधे उपयोगी पडू शकतील, अशी अपेक्षा आहे. मात्र त्यासाठी कोणत्या रुग्णाची वेदना प्रतिपिंडजन्य आहे, हे आधी रक्ततपासणीने ओळखता आले पाहिजे व अशी सर्वमान्य तपासणी कॅस्पर-२ सारखे मोजके अपवाद सोडता तयार झालेली नाही.